पुलानं माणूस घेतला नाही

“तुमचा माणूस पुलानं घेतला,” असं फोनवरचा माणूस म्हणाला. माझ्या थोरल्या भावाच्या मरणाची बातमी मला या शब्दांत मिळाली. मी एका दवाखान्यात सामानाची कोठी सांभाळते. दुपारी औषधांच्या नव्या पेट्या ताब्यात घेत होते, तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. मी फोनवर विचारत सुटले... गाडी घसरली का, कुणी धडक दिली का, जीव आहे का, जवळ कोण आहे? प्रत्येक प्रश्नाला त्या माणसाचं एकच उत्तर. “घेतला की वो बाई. पुलानं घेतला.” शेवटी मी त्याच्यावर ओरडले, तेव्हा कुठे त्यानं गावाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

आता खरी हकीकत आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा घोटाळा नको. अण्णा पाण्यात पडला नाही. त्याची फटफटी घसरली नाही. पुलाचा एक दगडही जागचा हलला नाही. अण्णाचं हृदय बंद पडलं, बसल्या जागी, सावलीत. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे आणि ते कुणालाही वाचता येईल. तरीही आज दीड महिना होत आला, कोल्हापुरात भाजी घ्यायला गेले तरी कुणी ना कुणी मला थांबवतं आणि आवाज खाली आणून विचारतं, “पुलानं घेतलं म्हणं तुमच्या अण्णास्नी?” सुरुवातीला मी समजावून सांगत होते. आता सांगत नाही, चिडते. दुसरे काही जण म्हणतात, “नशीबवान माणूस, आवडत्या ठिकाणी गेला.” त्यांचाही मला तेवढाच राग येतो. अण्णाला पूल आवडत होते, पुलावर मरायला आवडत होतं असं नव्हे. त्याला घरी येऊन रात्रीचं जेवायचं होतं. वहिनीनं त्या दिवशी त्याच्यासाठी वांगी आणून ठेवली होती.

माझा भाऊ शिवाप्पा. घरात आणि बाजारात सगळ्यांचा अण्णा. लक्ष्मीपुरीत आमचं पोत्यांचं आणि दोरखंडांचं दुकान, वडिलांपासूनचं. गुळाच्या हंगामात गुऱ्हाळांना माल पोचवायचा असे. एकोणीसशे साठच्या सुमारास अण्णानं जुनी तांबडी फटफटी घेतली, ती या कामासाठीच. वडील म्हणाले होते, “बैलगाडी काय वाईट हाय?” अण्णा म्हणाला, “बैलगाडी चांगलीच हाय, अप्पा. बैलास्नी मी आवडत न्हाई.” ते खरं होतं. अण्णाला बैल मारायला येत.

पुलांचं वेड कुठून लागलं, तेही मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी मागच्या सीटवर होते. उचगावच्या पुढे एका गुऱ्हाळावर पोती टाकून आम्ही उसातल्या पायवाटेनं परत येत होतो आणि रस्ता चुकलो. ऊस डोक्यावरून गेलेला. अचानक समोर एक दगडी कमान. तिच्याखाली ओढा नव्हता, वर रस्ता नव्हता. चहूबाजूंनी ऊस, आणि मधे एकटा पूल उभा. ओढ्यानं कधीकाळी वाट बदलली असणार, मग रस्ताही दुसरीकडून गेला असणार, पुलाला मात्र कुणी काही कळवलं नाही. अण्णा फटफटी थांबवून बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, “तंगे, ह्यो अजून वाट बघतोय की गं.” आमच्या घरात धाकट्या बहिणीला तंगीच म्हणतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी घरात कानडी आहे.

त्यानंतर दुकानाच्या सुट्टीचा दिवस म्हणजे पूल. कोणी सांगायचं, कुंभी नदीच्या काठाला एक जुना आहे, संस्थानच्या काळातला. कोणी सांगायचं, गडहिंग्लजकडे आडरस्त्याला पाच कमानींचा आहे, एक कमान बुजलेली. अण्णा निघायचा. वहिनीला, म्हणजे गिरिजावहिनीला, वळणावळणाच्या रस्त्यावर उलट्या व्हायच्या, त्यामुळे ती कधी आलीच नाही. मी लग्न केलं नव्हतं, घरचं कामही उरकलेलं असे, म्हणून मागची सीट माझ्याकडे आली. एक पाय इकडे, एक तिकडे टाकून बसायची त्या काळी बायकांना सोय नव्हती. मी एका अंगाला बसायचे, पदर कमरेला खोचून, मांडीवर डबा आणि पिशवी. गावोगावी पोरं मागे धावायची. एका म्हातारीनं तर हात जोडले होते. कशासाठी, ते आम्हाला कळलं नाही.

सामानाची यादी मी करायची. पाना, प्लग, पंक्चरचं सामान, दोरी, पाण्याची बाटली, छत्री, पित्ताच्या गोळ्या, घशासाठी लिमलेटच्या गोळ्या. अण्णा ती यादी शहाण्या मुलासारखी हातात घ्यायचा आणि तिच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहायचा, “बहिणीची कटकट. वजन फार. घरी ठेवावी.” मग मला घेऊनच जायचा.

त्याची पूल बघायची एक पद्धत होती आणि तिच्यात कधी बदल झाला नाही. आधी फटफटी पुलाच्या अलीकडे थांबवायची. मग खाली उतरून, काटेकुटे तुडवत, कमानीच्या पोटाखाली उभं राहायचं. “वरनं समदं पूल सारखंच दिसत्यात,” तो म्हणायचा, “माणसागत.” खाली हात फिरवून दगडांच्या फटीतला चुना बघायचा, ओल कुठे आहे ते बघायचा. मग वर येऊन फटफटी बंदच ठेवायची आणि पुलावरून ती हातानं ढकलत न्यायची. जुन्या पुलावर त्यानं कधी इंजिन चालू केलं नाही. इतकं जड धूड, पुढे हँडलला तो आणि मागे रेटायला मी. आणि पूल कुठलाही असो, ओढा कुठलाही असो, समोरून येणारा माणूस हटकून विचारणार, “पेट्रोल संपलं काय पावणं?”

“न्हाय,” अण्णा म्हणायचा. “पूल म्हातारा हाय.”

काही हसायचे. काही जण हात लावायला यायचे. एकदा एक गाडीवान स्वतः गाडीतून उतरला आणि बैलांच्या पुढे चालत पूल ओलांडून गेला. तो दिवस अण्णा महिनाभर सांगत होता.

मी त्याला खवळलेला फक्त एकदा पाहिला, आणि तो प्रसंग लिहिलाच पाहिजे, कारण आज जे चाललं आहे ते त्याच जातीचं आहे. जयसिंगपूरकडून आम्ही परत येत होतो. मागे कॅरिअरला पोती बांधलेली. फाटकी पोती शिवायला परत आणायची आमच्या दुकानाची रीत होती, आणि ती चांगल्या पोत्यांत भरून आणायची. वाटेत एका गावाजवळ नव्या पुलाचं काम चाललं होतं. पाया खणलेला दिसल्यावर अण्णा राहतोय का? मला फटफटीपाशी उभी करून तो खड्ड्यात डोकवायला गेला. पाचेक मिनिटांत माझ्याभोवती माणसं गोळा झाली. बाप्ये पुढे, बाया मागे.

“पोत्यात काय हाय?” एकानं विचारलं.

“पोती,” मी म्हणाले.

“पोत्यात पोती?”

“व्हय. फाटकी पोती चांगल्या पोत्यात घातल्यात.”

“आन् ह्यो पावणा खाली काय बघतोय?”

“पूल बघतोय.”

“पूल अजून झालाच न्हाय की!”

तोवर मागच्या एका बाईनं माझी पिशवी ओढून घेतली होती. तिच्यातून लिमलेटच्या गोळ्या निघाल्या. “बघा!” ती ओरडली. “गोळ्या दिऊन पोरास्नी भुलवती ही, आन् त्यो पोत्यात घालतोय!” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नव्या पुलाच्या पायात माणूस घालावा लागतो, नाहीतर पूल उभा राहत नाही, अशी त्या गावात आवई उठली होती. पोरं पळवणारी माणसं पोती घेऊन फिरतात, असं बोललं जात होतं. आठ दिवस गावातलं एक पोर उंबऱ्याबाहेर पडलं नव्हतं. आणि आम्ही नेमके पोती बांधून, गोळ्या घेऊन, पुलाच्या पायात डोकवायला आलो होतो.

एकानं काठी उचलली होती. मी घाबरले नव्हते असं म्हणणार नाही. वाचवलं एका म्हाताऱ्यानं. त्यानं पोत्यावरचा आमच्या दुकानाचा छाप ओळखला. “आरं, थांबा! दोरखंडवाल्या अप्पांचा पोरगा हाय ह्यो. माझ्या लग्नात मांडवाची दोरी ह्येंच्याकडनं आणलीती.” लगेच माणसं ओशाळली, चहा आला, माझी पिशवी परत आली, गोळ्या मात्र कमी झाल्या होत्या. सगळे हसायला लागले. अण्णा सोडून. कारण तो खाली उभा असताना कामावरचा मुकादम हसत त्याला म्हणाला होता, “बोलू द्या की त्यास्नी. भ्यालेली माणसं बरी. कुणी इकडं फिरकत न्हाई, सिमिट जाग्यावर ऱ्हातंय.” अण्णा वर आला, त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर त्या मुकादमाची अशी काढली, की मला माझ्या भावाला इतक्या शिव्या येतात हे त्या दिवशी कळलं. “तुझं सिमिट ऱ्हावं म्हणून ह्येंची पोरं कोंडून घालतोस व्हय रं?” परतीच्या वाटेवर तो वाऱ्यात मागे वळून ओरडला, “पूल माणूस मागत न्हाई, तंगे. माणसं मागत्यात, आन् पुलाचं नाव सांगत्यात!”

सावलीचा पूल आम्हाला सापडला तो सत्तरनंतर. नेसरीच्या पलीकडे कुठेतरी, डांबरी रस्ता सोडून लाल मातीची वाट धरली, की एका ओढ्यावर हा पूल आहे. तीन कमानी, फार मोठा नाही. पण बांधणाऱ्यांनी दोन्ही टोकांना एकेक वड लावला होता. ते दोन वड वाढत वाढत पुलाच्या मध्यावर एकमेकांत शिरले आहेत. पुलाला छप्पर आहे म्हणा ना. भर दुपारी आत शिरलं की डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, आणि अंगावर गारवा येतो. पाऊस आला तरी मधोमध थेंब पडत नाही. गाड्यांचे बैल तिथे आपसूक थांबतात, चाबूक उगारला तरी हलत नाहीत. कठड्यात मधोमध एक जागा केलेली आहे. खाली रुंद दगडी बैठक आणि तिच्या वर कठड्याचा सपाट दगड. डोक्यावरचा भारा वर टेकवायचा आणि आपण खाली टेकायचं. रानातून सरपण आणणाऱ्या बायकांसाठी कुण्या अनाम माणसानं केलेला हा विचार. अण्णा त्या बैठकीवर पहिल्यांदा बसला तेव्हा मला म्हणाला, “ज्यानं ह्ये केलं त्याची आई सरपण आणत आसंल.” वर्षातून एकदा तरी तो तिथे जायचाच. शेवटचा गेला तोही तिथेच.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, पोती उचलायची नाहीत, गाडी ढकलायची नाही, गोळ्या वेळेवर. मी समोर बसले होते. अण्णानं मान हलवली. रस्त्यावर आल्यावर म्हणाला, “मी कुटं ढकलतोय? ती माझ्यासंगं चालती.” माझी पाठ तोवर कामातून गेली होती, मागची सीट सुटली होती. मी नसल्यामुळे तो पूल ओलांडताना एकटाच ढकलतो, हे मला माहीत होतं. मी भांडले. वहिनी भांडली. त्याच्या मुलानं, विजयनं, किल्ली लपवून ठेवली, तर यानं दुसरी करून घेतली. शेवटच्या भेटीत, तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी, मी त्याला गोळ्यांची डबी दिली. त्यानं ती खिशात टाकली. डबी त्याच खिशातून परत आली, भरलेली.

लोक पुलाला दोष देतात. द्यायचाच असेल तर मी अण्णाला देते. साठी उलटलेल्या माणसानं डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं. एकदा, फक्त एकदा, इंजिन चालू ठेवून पूल ओलांडला असता तर पुलाचं काय गेलं असतं? त्याच्यावरून उसाच्या गाड्या जातात! या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्याकडून हवं आहे. ते मिळणार नाही, म्हणून राग जातही नाही.

घरातलं सगळं उरकून पंधरा दिवस होतात न होतात तोच त्या गावचे सरपंच घरी आले. सोबत एक ठेकेदार. शाल, नारळ, पेढे. सरपंचांनी वहिनीपुढे नारळ ठेवला आणि म्हणाले, “वैनी, अण्णा आमच्या गावात गेलं. आता ते आमचंच झालं. आमी नवा पूल बांधणार हाय. शिवाप्पाअण्णा सेतू. संगमरवरी पाटी. पयली कुदळ तुमच्या हातची.”

“आणि जुना?” मी विचारलं.

“त्यो पाडायचा की. धोक्याचा हाय. एक माणूस घेतला, अजून घील. गाव भ्यालंय, बाई. दोन्ही वडबी काढाय लागणार. रुंदी वाढती.” मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. “तुमच्या घरच्यांनी एवढी सही केली की बास. पूल धोक्याचा हाय, आमचा माणूस गेला, पाडावा. घरच्यांनीच मागणी केली म्हणल्यावर वर कुणी आडवत न्हाई.”

ठेकेदार पेढा खात होता.

ऊस वाहायला पूल लागतो, हे मला समजतं. मी व्यवहार बघणारी बाई आहे. बांधा, रुंद बांधा, ओढा काही एवढासा नाही, शेजारी भरपूर जागा आहे. पण शेजारी बांधायचं तर जमीन मिळवावी लागते, आणि पाडून बांधलं की जुने घडीव दगड आणि दोन वडांचं लाकूड ठेकेदाराच्या पदरात. हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. सरपंच म्हणाले, “आक्का, तुमी लई शिकलेल्या हाय.” विजय मला बाजूला घेऊन म्हणाला, “आत्या, बाबांचं नाव राहील. कशाला मोडता घालतेस?” त्याचं वाईट वाटलं, पण त्याच्यावरही मी तेव्हा ओरडलेच.

सही वहिनीची हवी होती. कागद तिच्या मांडीवर होता आणि अण्णाचं नाव जिथे लिहिलं होतं तिथे तिचं बोट होतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं नाव दगडात कोरून मिळणार, याचा मोह कुठल्या बाईला होणार नाही? मला खरंच वाटलं, ती सही करणार. ती म्हणाली, “मला आधी त्यो पूल बघायचा हाय.”

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. वहिनीनं सारा घाट तोंडाला पदर लावून काढला, दोनदा गाडी थांबवावी लागली, पण परत फिरू या असं म्हणाली नाही. फाट्यावर उतरून चालत गेलो. सावलीत शिरलो... आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

अण्णा जिथे बसला होता त्या बैठकीला शेंदूर फासला होता. तेलात कालवून, जाड, नारिंगी. पुढे फोडलेल्या नारळांच्या करवंट्या, लिंबं, एक विझलेली पणती, हिरव्या बांगड्या. वडाच्या पारंब्यांना लाल चिंध्या बांधलेल्या. माझ्या भावाला यांनी पुलाचा बळी ठरवला होता आणि आता त्या बळीची पूजा चालली होती, म्हणजे पुलानं पुढचा माणूस घेऊ नये! आयुष्यभर गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग बाळगलेला माणूस, देवासमोरसुद्धा नवस न बोललेला. याच गोष्टीसाठी त्यानं एका मुकादमाला शिव्या घातल्या होत्या. मला काय करावं सुचेना. मी त्या लिंबांना लाथ मारली.

“आगं बाई, तसं करू नगा!” मागून आवाज आला. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन एक म्हातारी उभी होती. हौसाबाई तिचं नाव. आम्ही कोण ते कळल्यावर तिनं भारा तसाच डोक्यावर ठेवला आणि रडायला लागली. “मीच हुते की त्यांच्याजवळ. मीच.”

वहिनी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. “सांगा,” म्हणाली. एवढंच.

हौसाबाईनं सांगितलं ते असं. ती त्या बैठकीवर बसली होती, भारा वर टेकवून. अण्णा गाडी ढकलत आला, घामानं निथळत होता. “मी म्हनलं, पेट्रोल संपलं व्हय? तर म्हनलं, न्हाय, पूल म्हातारा हाय. मला हसू आलं. मी उठाय लागले, तर म्हनलं, बस बाई, उटू नगंस, जागा लई हाय. आन् कडंला सरकून बसलं. मग पानी मागितलं. मी वड्यावरनं तांब्या भरून आणला, तवर मान टेकलीती मागं. मला वाटलं झोपलं. तोंड काय वाकडं न्हाई, काय न्हाई. झोपल्यागतच.”

“वराडले न्हाईत?” वहिनीनं विचारलं.

“कशाला वराडत्यात? सावलीला बसल्तं.”

महिनाभर वहिनीच्या डोळ्यांपुढे काय काय येत असेल, ते मला त्या क्षणी समजलं. पुलानं घेतला म्हणजे कसा घेतला... हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं कुणाला विचारलं नव्हतं. मीही तिला डॉक्टरांचा कागदच वाचून दाखवला होता.

“मग आता तुमी भारा का टेकवत न्हाई?” वहिनी म्हणाली. हौसाबाईच्या डोक्यावर अजून ओझं होतं.

“देवाचं ठाण झालं न्हवं का आता. कुणीच टेकवत न्हाई. पार घरापतोर न्यावं लागतंय. मान मोडती.”

वहिनीनं पदर खोचला. “राख मिळंल? आन् काथ्या?”

हौसाबाईचं घर जवळच होतं. राख आली, दोराच्या तुकड्याचा काथ्या आला, ओढ्यातून पाणी आणायला मी होतेच. गिरिजावहिनीनं तो दगड घासायला घेतला, तव्याचं बूड घासावं तसा. तेलातला शेंदूर सहजासहजी निघत नाही. ती घासत राहिली. बातमी गावात गेली आणि माणसं जमली. कुणी तोंडावर हात धरला, कुणी म्हणालं कोप होईल. वहिनीनं मान वर केली नाही. शेवटी सरपंच आले. पुलाच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी आत आले.

“वैनी, काय ह्ये? लोकांची श्रद्धा हाय.”

“कागद आणलाय न्हवं?” वहिनी म्हणाली. “द्या हिकडं.”

सरपंचांनी घाईनं कागद दिला. तिनं तो घडी न मोडता परत त्यांच्या हातात ठेवला. “मी सही करत न्हाई. नवा पूल कुटंबी बांधा. त्याला त्यांचं नाव नगं. दुसऱ्याला उटवून त्या जागी बसायची त्यास्नी सवय न्हवती.”

“आवो, पण पुलानं त्यास्नी...”

“पुलानं काय केलं न्हाई!” वहिनीचा आवाज मी आयुष्यात एवढा चढलेला ऐकला नव्हता. “पुलानं बसाय जागा दिली. छातीचं दुखणं घरातनंच आणलंतं त्येनी.”

विजयनं परवा वरच्या कचेरीत घरच्यांचा नकार लेखी देऊन टाकला, कुरकुरत का होईना. आता पावसाळ्यानंतर कुणी साहेब येऊन पूल तपासणार आहेत. ते खाली उतरून बघतात की वरूनच जातात, ते मी जातीनं तिथे उभी राहून बघणार आहे. गावाचं नाव लिहिलं नाही ते एवढ्यासाठी, की वाचून उद्या कुणी नारळ घेऊन तिथे जायला नको.

त्या दिवशी दगड पूर्ण स्वच्छ झाला नाही. बारीक भोकांत शेंदूर राहिलाच. वहिनीनं हात धुतले, पदरानं बैठक पुसली आणि तिच्यावर बसली. पिशवीतून भाकरी आणि झुणका काढला आणि मला हाक मारली. जमलेल्या बायका मागे सरकल्या. हौसाबाई भारा घेऊन तशीच उभी होती.

“टेका की,” वहिनी तिला म्हणाली. “वर जागा हाय.”

हौसाबाईनं सरपंचांकडे पाहिलं, वडाकडे पाहिलं. मग दोन पावलं पुढे येऊन तिनं भारा वहिनीच्या डोक्यावरच्या दगडावर धपकन टेकवला. सालपटं आमच्या भाकरीवर पडली. ती मान चोळत आमच्या शेजारी बसली.

“तुमीबी बसा,” वहिनी सरपंचांना म्हणाली. “आन् चपला घाला. देऊळ न्हाई ह्ये.”

सरपंचांनी जाऊन चपला घातल्या, पण ते काही बसले नाहीत. आम्ही तिघी मात्र भाकरी संपेपर्यंत बसलो.